टाचेवरचा मध

कमल, तुझ्या तेराव्याला इतकी माणसं आली होती की मला चपला काढायला धड जागा मिळाली नाही. खरं सांगते, तिथंही माझ्या पोटात दुखलं. आले होते रडायला, आणि दारात उभी राहून मोजत बसले. ही कडेवर पोर घेतलेली कुठल्या खाटेवर बाळंत झालेली, ती म्हातारी कुणाची सासू, तो फेटेवाला कुणाचा आजा. मनात आलं, उद्या मी गेले तर यातले किती येतील. तू असतीस तर म्हणाली असतीस, "शैला, मेल्यावर तरी माज्याशी बरोबरी करू नगंस." पण एकोणीस वर्षांची सवय आहे, तेरा दिवसांत कशी जाईल.

भोरचं आपलं बारा खाटांचं प्रसूतिगृह. डॉक्टर मॅडम, आणि त्यांच्या हाताखाली आपण दोघी. मी पुण्यात तीन वर्षं शिकून आलेली, माझं सर्टिफिकेट मॅडमनी काचेच्या चौकटीत लावलेलं. तू दीड वर्षाचा कोर्स केलेली, वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यातून आलेली. पहिल्या दिवशी तू एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात ताकाची बरणी घेऊन आलीस, आणि मी मॅडमना हळूच विचारलं, हिला इंजेक्शन तरी देता येतं का. महिनाभरात बायका दारातून विचारू लागल्या, "त्या वेल्ह्याच्या शिस्टर हायत का?" मी समोर उभी असायची. "मी पण सिस्टरच आहे," मी म्हणायची. "व्हय, पन त्या कवा येत्याल?"

सगळ्यात जास्त मी जळले ते त्या टाचेवरून. बाळ कमी वजनाचं असलं, दिवस भरायच्या आधी आलं, किंवा आईला मधुमेह असला की पहिले एक-दोन दिवस त्याच्या रक्तातली साखर बघत राहावं लागतं. दर काही तासांनी, दूध पाजायच्या आधी. टाचेच्या कडेला बारीक सुई टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायचा, मशीनवर आकडा येतो. आकडा पंचेचाळीसच्या खाली गेला की आपली धावपळ. एवढंसंच काम, पण माझ्या हाताखाली बाळ असं किंचाळायचं की सगळ्या बाळंतिणी उठून बसायच्या. तुझ्या हाताखाली तेच बाळ जरा कुरकुरायचं आणि परत झोपायचं. मशीन एकच, पट्ट्या एकाच डब्यातल्या. एकदा मी तुझ्या ट्रेमधला सुयांचा डबा उचलून माझ्या ट्रेमध्ये ठेवला आणि माझा तुझ्यात. हे तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. काही फरक पडला नाही. बाळांनी मला बरोबर ओळखलं.

तुझी काही जादू नव्हती. तू आधी पाच मिनिटं बाळाचा पाय तळव्यात धरून नुसती बसायचीस. मी एकदा विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे. तू म्हणालीस, "पुस्तकात बी आसंल. आमच्याकडं थंडीत करडू जल्मलं की त्येचं पाय आसंच धरत्यात. पाय ऊन झाला की रगात आपसूक येतंया, दाबावं लागत न्हाई." मी म्हणाले, इथं माणसांची पोरं जन्मतात. तू हसलीस. मी मात्र मनात नोंद करून ठेवली, आणि तुझ्यासमोर एकदाही तसं केलं नाही. तुझं पाहून शिकले हे तुला दिसायला नको होतं.

आणि आपलं ते न संपलेलं भांडण. मी म्हणायची, आकडा खरा. तू म्हणायचीस, "आदी पोराकडं बग, मग मशीनकडं." मी म्हणायची, मशीन खोटं बोलत नाही. "त्याला आपुन दावू त्येच दिसतं," तू म्हणायचीस, आणि दुपट्यांच्या घड्या घालायला लागायचीस. मला वाटायचं, शिकलेल्या माणसासमोर बोलायला हिच्याकडं काही उरलं नाही म्हणून ही घड्या घालते.

तरी एक कबूल करते. भावाच्या लग्नाला तू आठ दिवस गेलीस, तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, सुंठेवाचून खोकला गेला. तिसऱ्या दिवशी वेल्ह्याची एसटी किती वाजता लागते ते मी चौकशीच्या खिडकीवर विचारून आले. तू आलीस तेव्हा मात्र म्हणाले, इतक्यात कशाला आलीस, आमचं काही अडलं नव्हतं. तू पिशवीतून लग्नातले लाडू काढून माझ्यासमोर ठेवलेस आणि कामाला लागलीस.

आता तो दिवस. तो टाळून तुझ्यावर काही लिहिता येणार नाही. गुंजवणे गावची मनीषा, पहिलटकरीण, दिवस भरायला महिना बाकी असताना बाळंत झाली. मुलगी, दोन किलोच्याही आतली. दोन तासांनी तू साखर बघितलीस, बावन्न होती, रजिस्टरमध्ये लिहिलीस. आईला दूध अजून येत नव्हतं, चिकाचे चार थेंब वाटीत काढून तू चमच्यानं पाजलेस. सकाळचे दहा वाजले होते, पुढची टोचणी माझी होती. तू खालच्या खोलीत दुसऱ्या बाळंतिणीपाशी होतीस, आणि मला वाटलं, आज बघावं तुझ्यासारखं करून. कुणी बघत नव्हतं ना.

पण तुझ्यासारखं पाच मिनिटं बसणं कुठून आणायचं. पलीकडं एका बाईला घरी सोडायचं होतं, तिचे कागद अडले होते. म्हणून मी मनीषाच्या सासूला म्हणाले, आजी, बाळाचा हा पाय तुमच्या तळव्यात धरून बसा, गरम झाला पाहिजे, मी आले. आजींना केवढा मान वाटला. दोन्ही हातांत ती एवढीशी टाच धरून त्या अशा बसल्या की हलल्यासुद्धा नाहीत. मी हातात मोजे चढवूनच परत आले, स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई टोचली.

बाळ रडलं नाही, कमल.

तेव्हा मला काय वाटलं ते तुला आज सांगते. मला वाटलं, आला. माझ्या हाताला गुण आला. मशीनवर आकडा आला एकशे अठरा. मी ठळक अक्षरात रजिस्टरमध्ये लिहिला आणि जिन्यावरून तुला हाक मारली, मुद्दाम, चार बायकांना ऐकू जाईल अशी. "कमल, ये बघ. हूं की चूं केलं नाही पोरीनं."

तू वर आलीस. रजिस्टर मी तुझ्यापुढं धरलं होतं, तू ते हातानं बाजूला केलंस. तू पोरीकडं बघितलंस. तिचा हात उचललास, सोडलास, तो तसाच पडला. "शैला, ही रडली कशी न्हाई?" तू म्हणालीस. आवाज अजिबात चढलेला नव्हता. मग तू तिचा पाय हातात घेतलास, आणि तुझी बोटं टाचेला चिकटली. तू बोटं नाकाशी नेलीस.

मध होता. आजींनी वेल्ह्याच्या जंगलातला मध लहान बाटलीतून आणला होता. पहिल्या नातीच्या जिभेवर सोन्याच्या अंगठीनं मध लावायचा, त्यांच्या घरात असंच चालत आलेलं. आपण नाही म्हणणार हे माहीत होतं म्हणून आपली पाठ वळल्यावर त्यांनी लावला होता. ओठांना लागला तितकाच, पण हाताला खूप. त्याच हातांत मी ती टाच दिली होती. स्पिरिटनं मध जात नाही, त्याला पाणी लागतं. मशीननं जो आकडा दाखवला तो निम्म्याहून अधिक मधाचा होता. माझ्या हातात मोजे होते, मला चिकट कसं लागणार.

तू कोमट पाण्यानं टाच धुतलीस, पुसलीस, कोरडी केलीस, दुसऱ्या पायाचीही केलीस. परत टोचलंस, पहिला थेंब पुसून टाकलास, दुसरा घेतलास. बावीस. त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यात आठवतं. मॅडम पायऱ्या चढत येताना, ती केसाएवढी शीर, ग्लुकोजची सिरिंज. मनीषा खाटेवरून विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि तिला कुणी उत्तर देत नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी होते. मग पोरगी रडली. आधी बारीक, मग चांगली ठणठणीत. तू तिचं तोंड पुसलंस आणि मनीषाला म्हणालीस, "रडली म्हंजे बरी हाय."

मॅडमनी विचारलं, आधीचा आकडा असा कसा. तू म्हणालीस, "पाय चिकट व्हता, म्हनून परत घेतला." कुणी घेतला, कुणी धरायला दिला, काही नाही. माझ्याकडं पेन देऊन म्हणालीस, "जुन्यावर एकच रेघ मार, खाली खरा लिही, वेळ टाक. खाडाखोड करू नगंस." मी लिहिलं. आभार नाही मानले. मला राग आला होता तुझा. पोर तू वाचवलंस आणि वर मलाही वाचवलंस, माझ्यासाठी काहीच शिल्लक ठेवलं नाहीस.

आणि तो राग मी म्हातारीवर काढला. दालनाच्या मधोमध उभी राहून मी आजींना बोलले. नातीचा जीव घेतला असता तुम्ही, सांगितलेलं कळत नाही का, मध आणायला कुणी सांगितलं होतं. त्या पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. एकदाही म्हणाल्या नाहीत की बाई, पाय धरायला तूच सांगितलं होतंस. त्यांचा मुलगा दारात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. तो आईला म्हणाला, "घरी चल, मग बोलतो."

संध्याकाळी तू मला धुण्याच्या खोलीत गाठलंस. "मध लावला ती तिची चूक. पाय हातात दिला ती तुजी. तिला सांग जाऊन." मी म्हणाले, काय सांगू, कशाला सांगू, बाळ बरं आहे. "आगं, त्या घरात आता तिच्या हातात पोर देतील का?" मी म्हणाले, तुला एवढा पुळका आहे तर तू सांग. तू म्हणालीस, "माजी चूक आसती तर आत्ता गेले आसते." मी बादली आपटली आणि निघून गेले.

भात निघाल्यावर त्याच वर्षी गुंजवण्याहून तांदूळ आला. पाच किलोची पिशवी, आंबेमोहोर. आणणारा म्हणाला, आजींनी धाडलाय, शैला शिस्टरला द्या म्हणल्या. तुला ठाऊक आहे मला काय झालं ते. तुला बायका काही ना काही आणायच्याच, करवंदं, मेथीची जुडी, घट्ट दही. मला औषध कंपनीची कॅलेंडरं. आणि हा तांदूळ माझ्या नावानं. मी ती पिशवी तुझ्यासमोर सोडली, वास घेतला, तुलाही घ्यायला लावला. मी मनात म्हणाले, म्हातारीला माझ्या ओरडण्याची किंमत कळली. तू मूठभर तांदूळ हातात घेतलेस, परत पिशवीत सोडलेस. "चांगला हाय. आजीला सांगितलंस का?"

सात वर्षं तांदूळ आला आणि सात वर्षं तू तेच विचारलंस. गुंजवण्याला जाऊन आलीस का. मी म्हणायची, जाईन की, पावसाळा संपू दे. लग्नसराई संपू दे. गुडघा बरा होऊ दे. आणि दर वर्षी त्या तांदळाचा भात करून मी तुला डब्यातून आणायची, मुद्दाम. तू तो पोटभर खायचीस. आता मला कळतं की तू गालात हसत खायचीस, तेव्हा मला वाटायचं तुला भात आवडला.

शेवटच्या दुखण्यात तू खोलीवर पडून होतीस, पाणीही चमच्यानं घ्यायचीस. मी तुझे पाय चेपत होते. गार पडले होते. मी ते तळव्यात धरले, आणि तू डोळे न उघडता म्हणालीस, "आता जमतंय तुला." मग म्हणालीस, "गुंजवण्याला?" मी म्हणाले, तू आधी बरी हो, दोघी मिळून जाऊ. तू पाय ओढून घेतलेस. ते आपलं शेवटचं बोलणं, आणि त्यातही मी खोटं बोलले.

तर तेरावा. जेवणं चालली होती, तुझा भाऊ वाढत होता, मी अंगणाच्या कडेला बसले होते. समोरून मनीषा आली, बरोबर ती पोरगी, आता शाळेत जाते, आणि मागून काठी टेकत आजी. मला लपायला जागा असती तर मी लपले असते. आजी माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "शिस्टर, लई वाईट झालं." आणि मला एकदम वाटलं, आज नाही सांगितलं तर आता मला विचारणारंही कुणी उरलेलं नाही. परत कुणी म्हणणार नाही, जाऊन आलीस का.

मी सांगितलं. मनीषासमोर, तुझ्या भावासमोर, मोठ्यानं. आजी, त्या दिवशी पाय धरायला मी सांगितलं होतं. माझं काम मी तुमच्या हातात दिलं आणि दोष तुम्हाला लावला. धुऊन घ्यायला पाहिजे होतं ते मी घेतलं नाही. सात वर्षं मी तुमचा तांदूळ खाल्ला आणि गप्प बसले.

आजींनी मान हलवली. "ठावं हाय बाई मला."

"कसं ठाऊक?"

"त्याच आटवड्यात कमळ आली व्हती घरी. माज्या ल्योकापुढं, सुनंपुढं बोलली, म्हातारीचा एकटीचा दोष न्हाई, पाय धरायला शिस्टरनंच सांगितलं व्हतं. तवा कुटं पोर माज्या हातात दिली ह्यांनी. म्या मध लावला व्हता ह्ये बी खरं हाय. पुढच्या नातवाला न्हाई लावला." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "आन मला म्हनली, आजी, ती शैला वाईट न्हाई, ताठ हाय. सवताच्या पायानं येऊन सांगंल. तवर तिला तांदूळ धाडत जावा. खाता खाता कवातरी गळ्यात अडकंल."

कमल, तुझ्या अंगणात, तुझ्या तेराव्याला, मला तुझा इतका राग आला की मी उठून जाणार होते. माझ्या नावाची ती एकुलती एक पिशवी, तीही तूच धाडलेली. माफी मागायला मी सात वर्षं तयारी करत होते आणि तू पहिल्याच आठवड्यात तिथं जाऊन आली होतीस. "माजी चूक आसती तर गेले आसते" म्हणालीस, आणि माझ्या चुकीसाठी गेलीस. एवढं करून दर वर्षी मला तोंड वर करून विचारत होतीस. मी काहीही केलं तरी तू तिथं आधीच पोचलेली. आता तर कायमचीच पुढं गेलीस, तुला गाठायची सोयच ठेवली नाहीस.

आजींना माझ्या तोंडावरून काय दिसलं कोण जाणे. त्यांनी मनीषाकडून पाण्याचा तांब्या मागून घेतला. आधी स्वतःचे हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून नीट, तू दाखवलं असशील तसे. पदराला पुसून कोरडे केले. मग माझा हात ओढून घेतला आणि दोन्ही तळव्यांत धरून बसल्या, पाच मिनिटं असतील.

आणि मी रडले. तुझ्या त्या सगळ्या माणसांसमोर, पानावरून लोक वळून बघतील अशी. तुझा भाऊ घाबरून धावत आला, काय झालं शिस्टर. आजींनी माझा हात सोडला नाही. त्याला म्हणाल्या, "काय न्हाई रं. रडली म्हंजे बरी हाय."